पार्सलचा डबा : स्वस्त कोणता, परवडणारा कोणता?

सदर : घरचा रोजगार



या महिन्याचे संपूर्ण सदर एकाच प्रश्नासाठी ठेवले आहे. प्रश्न मुलुंड पश्चिमेच्या एका भगिनीचा आहे, पण घरून जेवण देणाऱ्या प्रत्येकीला तो कधी ना कधी पडतोच. त्या लिहितात :

"मी रोज घरून वीस-पंचवीस जणांना जेवण देते. दालचा-चावल, खिमा, भाजी-चपाती आणि शुक्रवारी बिर्याणी. रमजानमध्ये एका ऑफिसची दीडशे इफ्तार पार्सलची ऑर्डर मिळेल असे वाटते. प्रश्न डब्यांचा आहे. दुकानदार काळा प्लास्टिकचा डबा स्वस्तात देतो. शेजारीण म्हणते, दंड होईल. कागदाचा घेतला तर रस्सा गळतो. ऑर्डर हातची जाऊ नये आणि नफाही डब्यांत जाऊ नये, असे काही सुचवा."

डबा ही आपल्याला शेवटची, किरकोळ बाब वाटते. मसाला निवडताना आपण चार दुकाने फिरतो, गोश्त हलाल आणि ताजे आहे ना हे स्वतः पाहतो, आणि एवढ्या मेहनतीने केलेले अन्न कशात भरायचे ते मात्र दुकानदारावर सोडतो. गिऱ्हाईक पैसे देते आणि डोळे मिटून खाते. ते अन्न तोपर्यंत आपल्याकडे अमानत आहे. डबाही त्या अमानतीचाच भाग समजला पाहिजे.

आधी कायदा समजून घेऊ

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर गटारे-नाले तुंबवणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांचा प्रश्न सरकारला टाळता आला नाही. २००६ साली राज्यात अविघटनशील कचऱ्याचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्मोकोलबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून अंमल सुरू केला. एकदा वापरून फेकायच्या ताटल्या, पेले, चमचे यांच्यासोबत हॉटेलातून अन्न बांधून देण्याचे डबे आणि वाट्याही त्या यादीत होत्या. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद.

त्यानंतर केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, स्ट्रॉ, ट्रे आणि मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म यांवर बंदी आणली. त्याच महिन्यात महाराष्ट्राने आणखी एक पाऊल टाकले आणि आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या, पेले, वाट्या आणि डबेही बंदीत आणले. २०२२ च्या अखेरीस थोडी सवलत मिळाली. ज्यांचे खत होते अशा, प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंना परवानगी देण्यात आली. हे प्रमाणपत्र सिपेट आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे असावे लागते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, शेजारीण खरे बोलते आहे. बाजारात काळे डबे ढिगांनी विकले जातात, पण विकले जातात म्हणून चालतात असे नाही. पकडले गेल्यावर दंड दुकानदार भरत नाही, आपण भरतो. दुसरी, कागदाचा डबा दिसला म्हणून सुटलो असे समजू नका. त्याच्या आतला गुळगुळीत, चकाकणारा थर बहुधा प्लास्टिकचा असतो. कोपरा फाडून पाण्यात भिजत घाला. कागद विरघळून पातळ पापुद्रा उरला तर तो प्लास्टिकचा डबा आहे, फक्त कागदाच्या वेषात.

हे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून मोठी खरेदी करण्याआधी मुलुंड पश्चिमेला महापालिकेच्या टी विभाग कार्यालयात जाऊन सध्याची यादी विचारा. डबे घेताना पक्के बिल घ्या आणि खत होणारा डबा असेल तर प्रमाणपत्राची प्रत मागा. जो दुकानदार प्रत द्यायला टाळतो, त्याच्याकडचा माल घेऊ नका.

अन्नसुरक्षेचे नियम वेगळे

प्लास्टिकबंदी पर्यावरणासाठी आहे. खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी वेगळे नियम आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे पॅकेजिंगचे नियम १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. त्यांनुसार प्लास्टिकच्या डब्यातून एक किलो अन्नात ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश उतरता कामा नये. अन्न गुंडाळायला वर्तमानपत्र वापरणे मना आहे. समोसे, भजी, कबाब यांचे तेल टिपायला आपण सहज पेपर घेतो, पण छपाईची शाई त्या गरम तेलात उतरते. दस्तरखानवर कापलेली फळे पेपरवर मांडण्याची सवयही सोडलेली बरी.

घरून विकणाऱ्यांनाही याच प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि ती ऑनलाइन होते. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक डब्यावरच्या चिठ्ठीवर छापा. ऑफिसची ऑर्डर मिळवायची असेल तर हा क्रमांक तुमच्या बिर्याणीइतकाच उपयोगी पडेल.

कोणता पदार्थ कशात

आता एकेक प्रकार पाहू.

प्लास्टिक. डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक. ते ७०-८० अंशांना मऊ पडते, म्हणून गरम अन्नाला अजिबात नको. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. थर्मोकोल त्याचाच फुगवलेला प्रकार, आणि तेलकट गरम पदार्थांपुढे तो टिकत नाही. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गरम अन्नासाठी प्लास्टिकमध्ये हेच त्यातल्या त्यात बरे, कारण ते १६० अंशांच्या आसपास वितळते. पण कढईतली तर्री किंवा फोडणी त्याहूनही गरम असू शकते. ती थेट ओतली की डबा वाकतो. ज्या डब्यावर आकडाच नाही, तो कशाचा केला आहे हे सांगता येत नाही, आणि काळ्या रंगात जुने-पुराणे प्लास्टिक सहज मिसळून जाते. रोजच्या गिऱ्हाइकाला धुऊन पुन्हा वापरता येईल असा जाड, ५ क्रमांकाचा डबा घरात वापरणे वेगळे, आणि एकदा वापरून फेकायचा पातळ डबा देणे वेगळे.

पातळ पिशवीत बांधलेला रस्सा. मुंबईत कितीतरी ठिकाणी उकळता रस्सा पातळ पिशवीत ओतून दोऱ्याने बांधून देतात. स्वस्त असले तरी ते आपण करू नये. पिशवी कशाची आहे ते माहीत नसते, राज्यात अशा पिशव्यांवर बंदी आहे, आणि गाठ सोडताना गिऱ्हाइकाचा हात भाजतो तो वेगळाच.

ॲल्युमिनियम. बिर्याणी, पुलाव, सीख कबाब, भाजलेली कोंबडी यांना उत्तम. उष्णता धरून ठेवतो, तेल शोषत नाही. मात्र आंबट पदार्थ आणि मीठ ॲल्युमिनियमला खातात. दालच्यात चिंच असते, खिम्यात टोमॅटो असतो, कोकणी घरांत कोकम असते. असे पदार्थ तासन्तास त्यात ठेवू नयेत. शिवाय हा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नसतो. ऑफिसात जेवणारे बहुतेक जण मायक्रोवेव्ह वापरतात, म्हणून झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा, "ताटात काढून गरम करावे."

उसाच्या चिपाडाचा डबा. साखर कारखान्यांत रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून हे पांढरट-तपकिरी डबे करतात. महाराष्ट्राला याचे अप्रूप वाटायला नको, ऊस तर आपल्याच शिवारात पिकतो. गरम अन्न सोसतात, मायक्रोवेव्हमध्ये चालतात, खत होते. उणीव अशी की पातळ रस्सा हळूहळू पाझरतो आणि झाकण घट्ट बसत नाही. सुके किंवा अंगाबरोबर रस असलेले पदार्थ यात द्यावेत. काही कारखाने तेल पाझरू नये म्हणून फ्लोरिनयुक्त रसायने मिसळतात. ही रसायने शरीरात आणि मातीत वर्षानुवर्षे राहतात. अशा रसायनांचे खाद्यकागद अमेरिकेत आता विकले जात नाहीत, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आपणही विचारावे की या डब्यात ती रसायने आहेत का, आणि उत्तर लेखी घ्यावे.

कागदी पेले. चहा किंवा शोरबा कागदी पेल्यात देताना एक गोष्ट आठवा. आय.आय.टी. खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे राहिले तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. ते कण आतल्या थरातून येतात.

पान आणि विरी. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, केळीचे पान, पोफळीच्या विरीच्या ताटल्या हे आपल्याकडचे जुने सामान. कोकणातल्या भगिनींना विरी वेगळी सांगायला नको. विरीची ताटली मजबूत असते आणि गरम पदार्थ सोसते, पण तिला झाकण नसते. वाढण्यासाठी ती उत्तम, पार्सलसाठी अपुरी. ॲल्युमिनियमच्या किंवा चिपाडाच्या डब्यात तळाशी केळीचे पान घातले तर मात्र दोन कामे होतात. पदार्थ डब्याला चिकटत नाही आणि वासही छान येतो.

मातीच्या वाट्या. फिरनीसाठी याहून चांगले भांडे नाही. माती जादा पाणी शोषते आणि फिरनी घट्ट बसते. मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री फिरनी अजूनही मातीच्याच वाटीत मिळते. धारावीच्या कुंभारवाड्यात अशा वाट्या होतात. आणल्यावर धुऊन, थोडा वेळ भिजवून, वाळवून मगच भरा, नाहीतर धूळ फिरनीत उतरेल.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीची खरी अडचण दिसू लागते. सुक्या पदार्थांना डबे पुष्कळ आहेत. पातळ रस्सा गरम ठेवील, गळणार नाही, कायद्यात बसेल आणि स्वस्तही असेल, असा एकदाच वापरायचा डबा मात्र सहज मिळत नाही. प्रमाणपत्र असलेले, खत होणारे घट्ट झाकणाचे डबे मिळतात, पण महाग पडतात. म्हणून इथे डबा बदलण्याआधी पदार्थ बदलण्याचा विचार करावा. दालचा ताटलीत ओघळेल इतका पातळ न करता थोडा आटवला, निहारीऐवजी सुका खिमा दिला, तर निम्मा प्रश्न सुटतो. जे पातळच हवे ते स्टीलच्या डब्यात द्यावे. त्याचे पुढे बोलू.

माप आणि ईमान

डब्यावर ५०० मिली लिहिलेले असते ते पाण्याचे माप. बिर्याणीच्या दाण्यांत हवा असते, शिवाय झाकण बसायला वर बोटभर जागा सोडावी लागते. त्यामुळे ५०० मिलीच्या डब्यात अर्धा किलो बिर्याणी मावत नाही. कितीजणी "अर्धा किलो" म्हणून डबा विकतात आणि गिऱ्हाईक घरी जाऊन काट्यावर ठेवते तेव्हा भांडण होते. मनात फसवायचे नसले तरी माप कमीच पडलेले असते. घरच्या काट्यावर रिकामा डबा तोला, भरलेला तोला, आणि जे वजन येईल तेच दरपत्रकावर लिहा. डबा दाबून भरू नका, वाफ साचून झाकण उडते.

विकत घेण्याआधी घरी परीक्षा

मस्जिद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात पॅकिंगच्या मालाची घाऊक दुकाने आहेत. मुलुंडहून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने थेट मस्जिदला उतरता येते. पण पहिल्या फेरीत पाचशे डबे आणू नका. प्रत्येक प्रकारचे पाच-सहा नमुने आणा आणि स्वयंपाकघरात चार परीक्षा घ्या.

एक, उकळते पाणी भरा, झाकण लावा आणि डबा दहा मिनिटे उलटा ठेवा. खाली पेपर अंथरला तर थेंब लगेच दिसतो.

दोन, तुमचाच सगळ्यात तेलकट आणि आंबट पदार्थ गरम भरून दोन तास ठेवा. मग डबा वाकला का, तळ ओला झाला का, डब्याचा वास अन्नाला लागला का, ते पाहा. घरातल्या लहान मुलाला वास घ्यायला सांगा, मुले खरे बोलतात.

तीन, भरलेले डबे एकावर एक चार रचा. खालचा दबला तर दीडशेचा ढीग टेम्पोत टिकणार नाही.

चार, पिशवीत घालून पाचरस्त्यापासून चेकनाक्यापर्यंत स्कूटरवर एक फेरी मारून या. पावसाळ्यात खड्ड्यांतून जो डबा सांडत नाही, तोच खरा.

झाकण घट्ट राहावे म्हणून स्टेपलरच्या पिना मारू नका. पीन भातात पडली तर दिसत नाही. कागदी चिकटपट्टी किंवा दोरा पुरतो. चपात्या गरम असताना बंद करू नका. दोन मिनिटे वाफ जाऊ द्या, मग कापडात किंवा चांगल्या बटर पेपरमध्ये गुंडाळा, नाहीतर त्या ओल्या होतात.

मुलुंडमध्ये एकाच ऑफिसात शाकाहारी आणि मांसाहारी शेजारी बसून जेवतात. दोन्ही प्रकार देत असाल तर डबे वेगळ्या पिशव्यांत भरा, चमचे-पळ्याही वेगळ्या ठेवा आणि डब्यावर खूण करा. शाकाहारासाठी चौकोनात हिरवा गोल, मांसाहारासाठी चौकोनात तपकिरी त्रिकोण. आपल्याला हलालचा जसा आग्रह असतो, तसाच शेजाऱ्याला त्याच्या ताटाचा असतो. तो जपला तर गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकते.

रोजच्या पंचवीस जणांचा हिशेब

रोज जेवण घेणारे गिऱ्हाईक ठरलेले असते, पत्ता ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते. अशा ठिकाणी फेकायचा डबा कशाला? मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करत आले आहेत. महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत डबा घरून निघतो, झाकणावरच्या खुणांवरून ऑफिसात पोहोचतो आणि संध्याकाळी रिकामा होऊन घरी परततो. एवढ्या वर्षांत डबा फेकून द्यावा असे त्यांना वाटले नाही, कारण डबा घरचा होता.

आकडे मांडून पाहू. तुमचे भाव वेगळे असतील, ते घालून हाच हिशेब करा. समजा एका जेवणाला डबे, वाटी आणि पिशवी मिळून १४ रुपये लागतात. २५ जण, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६५० जेवणे. खर्च ९,१०० रुपये, आणि तो दर महिन्याला.

आता तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा समजा ३५० रुपयांना पडला. एक गिऱ्हाइकाकडे आणि एक घरी, असे प्रत्येकी दोन, म्हणजे ५० डबे. खर्च १७,५०० रुपये, पण एकदाच. धुणे आणि रिकामा डबा परत आणणे यासाठी जेवणामागे ४ रुपये धरा, म्हणजे महिन्याला २,६०० रुपये. फेकायच्या डब्याच्या तुलनेत दरमहा ६,५०० रुपये वाचतात आणि तीन महिन्यांच्या आत स्टीलचे पैसे वसूल होतात. पुढचे सगळे बचतीत.

गिऱ्हाइकाकडून डब्याची अनामत घ्या आणि वहीत लिहून ठेवा. डब्यावर नाव न घालता क्रमांक रंगवा. हरवला तर किती रुपये कापले जातील हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे नंतर तोंड वाईट होत नाही. परत आलेला डबा साबणाने धुऊन, उकळते पाणी फिरवून, उन्हात किंवा जाळीवर पूर्ण कोरडा करा. झाकणाच्या रबरी कडीखाली तेल साचते, ती काढून धुवा. स्टीलमध्ये दालचाही चालतो, निहारीही चालते, आणि दंडाची भीतीही नाही.

दीडशे इफ्तार पार्सलांचे काय?

ही ऑर्डर घ्यावीच. पण डबे घेण्याआधी ऑफिसला एक प्रश्न विचारा : सगळे जण एकाच ठिकाणी बसून रोजा सोडणार आहेत का? तसे असेल तर दीडशे बंद डबे कशाला? हलीम किंवा बिर्याणी देगेत पाठवा, सोबत विरीच्या ताटल्या आणि पळसाचे द्रोण द्या, एक वाढणारी व्यक्ती द्या. अन्न गरम राहील, खर्च कमी होईल आणि उरलेले वाटून देता येईल. प्रत्येकाच्या डब्यात अर्धे खाल्लेले अन्न कचऱ्यात गेले तर तो इस्राफच.

पार्सलच हवे असेल तर वेळेचा विचार आधी करा. दीडशे डबे भरायला दुपारी सुरुवात होते आणि डबा मगरिबला उघडतो. मधले तीन-चार तास धोक्याचे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. भातातले काही जंतू शिजल्यावरही बीजरूपाने टिकतात आणि कोमट भातात पुन्हा वाढतात, त्यातून उलट्या-जुलाब होतात. दिवसभराच्या रोज्यानंतर रिकाम्या पोटी तोच घास पहिला जाणार आहे, हे विसरू नका. म्हणून गरम पदार्थ शेवटी शिजवा, वाफाळता असतानाच भरा, उष्णता धरणाऱ्या पेटीत ठेवा आणि भरल्यापासून दोन तासांत पोहोचेल असे पाहा. फळे आणि दही वेगळ्या थंड पेटीत ठेवा. गरम समोशाशेजारी कापलेले कलिंगड एकाच डब्यात ठेवू नका, दोन्ही खराब होतात.

पदार्थ डब्याप्रमाणे ठरवा. खजूर आणि समोसे कोऱ्या कागदाच्या पुडीत. कबाब किंवा बिर्याणी चिपाडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात. फिरनी मातीच्या वाटीत. फळे चिपाडाच्या वाटीत. लाकडी चमचा. वर कापडी किंवा कागदी पिशवी. रस्सा या पार्सलात नकोच.

पैशांचा हिशेब असा. समजा स्वस्त डबा ५ रुपयांना आणि चांगला ११ रुपयांना. फरक ६ रुपयांचा, दीडशेला ९०० रुपये. पहिला दंड ५,००० रुपयांचा. म्हणजे आठशेहून अधिक चांगल्या डब्यांचा जादा खर्च एका दंडात निघून जातो. पार्सलच्या भावात ६ रुपये वाढवा आणि ऑफिसला कारण सांगा. बहुतेक जण हरकत घेणार नाहीत. जे घेतील त्यांना पदार्थांत एक जिन्नस कमी करून द्या, डब्यात तडजोड करू नका.

डबा जातो कुठे?

मुलुंडकरांना हे सांगायला नको. हरिओम नगरजवळचा कचऱ्याचा डोंगर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे शहराचा कचरा पडत होता, सुमारे २४ हेक्टर जागेवर. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो बंद झाला, तेव्हा तिथे सुमारे ७० लाख टन कचरा साचलेला होता. तो उपसून जमीन मोकळी करण्याचे काम नंतर हाती घेण्यात आले. पन्नास वर्षे आसपासच्या घरांत वास, धूर आणि माश्या होत्या, आणि मुलांचा खोकला जात नव्हता. आता शहराच्या कचऱ्याचा मोठा भाग शेजारच्या कांजूरला जातो. म्हणजे डोंगर गेला तो दुसऱ्याच्या दाराशी.

चिपाडाचा डबाही ओल्या-सुक्या कचऱ्याच्या एकाच पिशवीत गेला तर त्याचे खत होत नाही. म्हणून डब्यावर दोन शब्द छापा : "ओल्या कचऱ्यात टाका." ॲल्युमिनियमचा डबा धुऊन भंगारवाल्याला द्यायला सांगा, त्याला मोल मिळते. हे दोन शब्द छापायला काही पैसेच लागतात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी थोडक्यात सांगते. काळे डबे घेऊ नका. रोजच्या पंचवीस जणांसाठी स्टीलचे डबे घ्या. सगळे एकदम जमणार नसतील तर आधी दहा जणांपासून सुरू करा, त्यांच्या बचतीतून बाकीचे घ्या. इफ्तारच्या ऑर्डरसाठी या आठवड्यात दोन-तीन प्रकारचे नमुने आणून चारही परीक्षा घ्या, वजन ठरवा, भाव ठरवा आणि एक भरलेले नमुना पार्सल घेऊन ऑफिसात जा. बोलण्यापेक्षा समोर ठेवलेला गरम, न गळणारा डबा ऑर्डर लवकर मिळवून देतो.

अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो.

पुढच्या महिन्यात घरच्या जेवणाचा भाव कसा ठरवावा याविषयी लिहीन. आपापले हिशेब पाठवा, नावे छापली जाणार नाहीत.